सांडपाणी मोरीतच वेगळं करा, खत आणि पाणी दोन्ही हाताला लागेल

पाच माणसांचं घर धरा. जल जीवन मिशनच्या हिशोबानं माणशी 55 लिटर, म्हणजे दिवसाला 275 लिटर पाणी घरात येतं. त्यातलं 80 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 220 लिटर, वापरून बाहेर जातं. आमच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, सावळजच्या बाजूला, एप्रिल-मेमध्ये केळीच्या एका झाडाला रोज 15 ते 20 लिटर पाणी लागतं. संडासात गेलेलं पाणी सोडून दिलं तरी उरलेल्या दीडशे लिटरवर सात-आठ केळी उन्हाळाभर हिरव्या राहतात. तेच पाणी गटारात सोडायचं आणि टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायचं, हे बघून माझा जीव तुटतो.

पाण्याबरोबर खतही जातं. आपण खातो त्या अन्नातलं बहुतेक नत्र लघवीतून बाहेर पडतं. आपल्याकडच्या जेवणावर एका माणसाच्या वर्षभराच्या लघवीत दोन-सव्वादोन किलो नत्र असतं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. पाच माणसांचं झालं दहा-अकरा किलो. युरियाच्या 45 किलोच्या पोत्यात 20.7 किलो नत्र असतं. म्हणजे अर्ध्या पोत्याच्या आसपास युरिया दरसाल मोरीतून आणि संडासातून वाहून जातो. स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) वेगळंच.

हे परत मिळवायला मोठी यंत्रं लागत नाहीत. एकच गोष्ट सांभाळावी लागते: वेगवेगळं पाणी एकमेकांत मिसळू द्यायचं नाही. शंभर लिटर सांडपाण्यात लघवी असते जेमतेम तीन लिटर, पण नत्राचा मोठा वाटा तिच्यात. रोगजंतू जवळजवळ सगळे संडासातून येतात, तेल-तूप स्वयंपाकघरातून आणि सोडा कपड्यांतून. सगळं एका पाइपात घातलं की जंतू सगळ्या पाण्यात पसरतात, तेल सगळ्या खड्ड्यांत जाऊन बसतं आणि मग कशाचाच उपयोग होत नाही.

म्हणून नवीन घर बांधत असाल तर कोबा करायच्या आधी मिस्त्रीला सांगा की न्हाणी, स्वयंपाकघर आणि संडास यांचे पाइप वेगवेगळे बाहेर काढायचे. तो म्हणेल, "वहिनी, एकच चेंबर करू, पाइप वाचतोय." ऐकू नका. वाचलेला पाइप पुढं जन्मभर महाग पडतो. जुन्या घरात बहुतेक वेळा न्हाणीचा आणि मोरीचा पाइप मागच्या भिंतीतून वेगवेगळाच आलेला असतो आणि बाहेर गटारात एक होतो. तिथंच तो तोडून वळवायचा, फरशी उखडायची गरज नाही.

न्हाणीचं पाणी

हे सगळ्यात सोपं. दोन इंची पाइपानं, चांगला उतार देऊन, थेट झाडांच्या आळ्यात सोडायचं. आमच्याकडं द्राक्षबागेतल्या जुन्या ठिबकच्या नळ्या प्रत्येकाच्या शेडमध्ये पडलेल्या असतात, त्यामुळं हे पाणी ठिबकला जोडायचा मोह होतो. जोडू नका. केस आणि साबणाचा मळ आठवड्यात ड्रिपर बंद करतो. पाइपाचं तोंड उघडंच ठेवा, त्याखाली पाटीभर खडी टाका आणि आळ्यावर पाचटाचा किंवा वाळक्या पाल्याचा वीतभर थर द्या. पाणी पाचटाखाली मुरलं पाहिजे, वर दिसता कामा नये. वर पाणी साचलं की डास आलेच. क्युलेक्स डास, जे हत्तीरोग पसरवतात, ते अशाच घाण पाण्यात वाढतात.

पाइपाला एक टी जोडून दोन तोंडं काढली की आठवडाभर एका बाजूची झाडं आणि आठवडाभर दुसऱ्या बाजूची, अशी पाळी लावता येते. मातीला सुकायला वेळ मिळणं फार गरजेचं आहे.

हे पाणी टाकीत साठवून ठेवायचा विचार करू नका. एक दिवस गेला की ते कुजायला लागतं आणि वास असा सुटतो की शेजारी भांडायला येतात. आलं तसं सोडायचं.

कपड्यांच्या पाण्याचं मात्र बघून करावं लागतं. धुण्याच्या पावडरीत सोडा असतो आणि सोड्यातलं सोडियम काळ्या मातीचा घात करतं. कृष्णाकाठी, वाळवा-मिरजेकडं, चोपण झालेल्या जमिनी ज्यांनी बघितल्यात त्यांना हे सांगायला नको. ओली असताना चिकट, वाळली की दगड, आणि पाणी आत शिरतच नाही. घरामागच्या परड्यातली चार वाफ्यांची माती खराब व्हायला तर वेळच लागत नाही. म्हणून पावडरीचं पहिलं फेसाचं पाणी नारळाला द्या, नारळ खारटपणा बराच सोसतो. नारळ नसेल तर ते शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्यात, सोडा. विसळणाचं पाणी बाकीच्या झाडांना चालतं. आळ्यात वरती पांढरी पापडी दिसायला लागली, किंवा पाणी मुरायला पूर्वीपेक्षा वेळ लागायला लागला, तर त्या आळ्याला विश्रांती द्या, थोडं जिप्सम मिसळा आणि पावसाचं पाणी त्यात भरपूर मुरू द्या. बोअरचं पाणी आधीच जड असेल, जतकडं बऱ्याच गावांत असतं तसं, तर ही काळजी दुप्पट घ्यायची.

फिनेल, ब्लीचिंग आणि संडास धुवायचं ॲसिड या पाण्यात कधीच येऊ देऊ नका.

स्वयंपाकघराचं पाणी

यात ताकद जास्त आणि त्रासही जास्त. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मोरीत ओतायचंच नाही, ते जनावरांच्या बादलीत. खरकटं ताटातून पुसून त्याच बादलीत. तळणीचं तेल मोरीत गेलं की खड्ड्यातल्या मातीची तोंडं बुजतात, म्हणून कढई आधी कागदानं किंवा राखेनं पुसून घ्यायची आणि मग घासायची.

एवढं करूनही तेल येतंच. त्यासाठी मोरीच्या बाहेर एक ड्रम बसवायचा. 40-50 लिटरचा, झाकणाचा, खाण्याच्या वस्तूंचा. इथं मी हात जोडून सांगते, फवारणीच्या औषधाचे कॅन किंवा ड्रम यासाठी वापरू नका, कितीही धुतले तरी नाही. ड्रमच्या वरच्या अंगाला मोरीचा पाइप आत येतो. समोरच्या बाजूला, त्याच्यापेक्षा दोन बोटं खाली, बाहेर जाणारा पाइप. या बाहेर जाणाऱ्या पाइपाला ड्रमच्या आतल्या बाजूनं एल्बो लावून त्याचं तोंड खाली, पाण्यात वीतभर बुडेल असं वळवायचं. सगळी करामत त्या एल्बोत आहे. तेल वर तरंगतं, भाताची शितं आणि भाजीचे तुकडे तळाला बसतात, आणि बाहेर जातं ते मधलं पाणी. आठवड्यातून एकदा झाकण काढलं की वर पिवळट साय धरलेली दिसते. ती पत्र्याच्या तुकड्यानं काढून उकिरड्यात मातीखाली घाला. महिन्या-दीड महिन्यानं तळाचा गाळही तिथंच.

ड्रममधून निघालेलं पाणी केळीच्या खड्ड्यात सोडायचं. घराच्या पायापासून निदान तीन मीटर लांब, विहीर किंवा बोअरपासून निदान 15 मीटर, असा जागेचा हिशोब ठेवा. आमच्या भागात मातीखाली मुरूम आणि त्याखाली चिरा पडलेला काळा खडक असतो. चिरेतून पाणी कुठं निघेल सांगता येत नाही, त्यामुळं खडक वर असेल तिथं अंतर आणखी वाढवा. खड्डा दीड-दोन मीटर रुंद, कमरेपेक्षा जरा कमी खोल. निघालेल्या मातीचा भोवतीनं बांध घालायचा. आत द्राक्षाच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या जाड काड्या तळाला, त्यावर पाचट, पालापाचोळा, अगदी बांधाच्या वरपर्यंत शीग लावून. या काड्या आपण बांधावर पेटवून देतो, त्यापेक्षा इथं त्या वर्षभर पाणी धरतात. बांधावर चार-पाच केळीचे कंद, मधल्या जागेत अळू आणि कर्दळ. खड्डा खचत जातो, तसतसं वरून पाचट टाकत राहायचं. दोन-तीन वर्षांनी तळातलं काळं खत काढून परत भरायचा.

शोषखड्ड्याबद्दल एक शब्द. चार फुटी शोषखड्डा गावाची गटारं बंद करतो, डास हटवतो, आणि नांदेड जिल्ह्यातल्या गावांनी ते करून दाखवलंय. ज्याच्याकडं परडंच नाही त्यानं शोषखड्डाच करावा. पण ज्याच्याकडं चार झाडांची जागा आहे त्यानं पाणी आधी मुळांना द्यावं आणि शोषखड्डा पावसाळ्यासाठी ठेवावा. जुलै-ऑगस्टमध्ये आळी तुडुंब असतात, तेव्हा टीची चावी तिकडं फिरवायची.

लघवी

इथं लोक तोंड फिरवतात. पण सगळ्या सांडपाण्यात सगळ्यात जास्त खत इथंच आहे, आणि मिळवायलाही हेच सगळ्यात स्वस्त आहे.

पुरुषांसाठी 20 लिटरचा कॅन, त्यावर मोठं नरसाळं, आणि नरसाळ्यात प्लॅस्टिकचा हलका चेंडू. लघवी येताना चेंडू उचलला जातो, नंतर भोकावर बसतो आणि वास वर येत नाही. बायकांसाठी कॅनची सोय जमत नाही. आमच्या घरात बायका लघवीला न्हाणीच्या कोपऱ्यातच जायच्या, बऱ्याच घरांत तसंच असतं. त्याच कोपऱ्याला उंबरठ्यासारखी वीटभर आड घालून वेगळा उतार आणि वेगळा पाइप काढला, की पाइप भिंतीपलीकडं मातीत पुरलेल्या कॅनमध्ये जातो. नंतर ओतायचं पाणी तांब्याभरच, बादलीभर नाही, नाहीतर कॅन पाण्यानंच भरतो. पाइप दीड-दोन इंची घ्या आणि उतार भरपूर द्या. बारीक नळीत पांढरा क्षार धरतो आणि ती गच्च होते. मधूनमधून गरम पाण्यात लिंबाचा रस किंवा व्हिनेगर घालून ओतलं की तो सुटतो. लोखंडी किंवा जस्ताचं काही वापरू नका, ते गंजतं.

कॅनचं झाकण घट्ट हवं. लघवीतल्या युरियाचा काही दिवसांत अमोनिया होतो, आणि झाकण उघडं राहिलं की तो उडून जातो. वास येतोय याचा अर्थ नत्र चाललंय. याच कारणासाठी कॅनमध्ये चुलीची राख टाकायची नाही, राखेनं अमोनिया आणखी जोरात सुटतो. राख पिकाला वेगळी द्या, पालाशसाठी ती उत्तमच आहे. कॅनवर रंगानं ठळक लिहून ठेवा, पोरांच्या हाताला लागता कामा नये.

निरोगी माणसाच्या लघवीत जंतू फार कमी असतात, तरी संडासाचा अंश मिसळू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2006 च्या मार्गदर्शनाप्रमाणं आपल्याच घरची लघवी आपल्याच पिकाला देत असाल तर साठवणीची सक्ती नाही, फक्त शेवटची मात्रा आणि काढणी यांत एक महिन्याचं अंतर हवं. दुसऱ्यांना विकायचं पीक असेल तर कॅन सहा महिने बंद ठेवून मग वापरायचा. मी स्वतः कच्च्या खायच्या कोथिंबीर-मेथी-काकडीला देतच नाही. घरात कुणाला टायफॉइड, कावीळ किंवा लघवीचा संसर्ग असेल, किंवा अँटिबायोटिकचा किंवा कॅन्सरचा औषधोपचार चालू असेल, तर त्या माणसाची लघवी तेवढे दिवस कॅनमध्ये घेऊ नका.

किती द्यायची? एका चौरस मीटरला अख्ख्या हंगामात दीड लिटर, दोन-तीन वेळा विभागून. घरातली निम्मी लघवी जमली तरी वर्षाला हजार लिटरच्या पुढं जाते, म्हणजे सहा-सात गुंठे मक्याची किंवा हत्ती गवताची सोय झाली. एका भागाला पाच भाग पाणी घालून, सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर, बुडख्यापासून वीतभर लांब सरी ओढून त्यात ओतायची, लगेच माती ओढायची आणि वरून साधं पाणी द्यायचं. पानावर पडू द्यायची नाही, पान करपतं. मका, हत्ती गवत, केळी आणि नारळ ही याची खरी गिऱ्हाइकं. हरभरा-भुईमूग अशी शेंगवर्गीय पिकं नत्र स्वतःच मिळवतात, त्यांच्यावर घालवू नका.

आणि द्राक्षाला देऊ नका. लघवीत मीठ असतं, आणि द्राक्षवेल क्लोराइड आणि सोडियमला फार नाजूक. पानाच्या कडा करपलेली बाग आणि देठ परीक्षणाचा (पानाचे देठ प्रयोगशाळेत तपासल्याचा) कागद आपण सगळ्यांनी बघितलाय. शिवाय निर्यातीच्या प्रमाणपत्राचे नियम मैलापाण्याबाबत कडक आहेत. जे आपल्या परड्यात आणि चाऱ्याच्या तुकड्यात खपतं, ते तिथंच खपवावं.

ज्यांच्याकडं जमीनच नाही, सांगलीत फ्लॅटमध्ये राहतात आणि गच्चीवर चार कुंड्या आहेत, त्यांना कॅन वाहून न्यायचं झेपत नाही. त्यांच्यासाठी लघवीतलं स्फुरद कोरडं करून काढायची एक रीत आहे. नेपाळमध्ये सिद्धिपूर गावात संशोधकांनी ती करून बघितली आहे, आणि त्यासाठी लागणारी वस्तू आमच्या प्रत्येक द्राक्षवाल्याच्या शेडमध्ये असते: मॅग्नेशियम सल्फेट. बंद कॅनमध्ये तीन-चार आठवडे मुरलेली 10 लिटर लघवी बादलीत घ्यायची. हातमोजे घालून आणि उघड्या हवेत, कारण अमोनिया डोळ्यांना झोंबतो. त्यात 35-40 ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट टाकून लाकडी काठीनं दहा मिनिटं ढवळत राहायचं. तांबूस-पिवळं पाणी बघता बघता गढुळतं, दुधाळ होतं. काठी थांबवली की बारीक कण फिरत फिरत खाली बसताना दिसतात. दोन-तीन तासांनी वरचं पाणी अलगद ओतून घ्या आणि तळाचं धोतराच्या दुहेरी कापडातून गाळा. कापडावर पांढरी रवाळ पूड राहते. ती आठवडाभर सावलीत कोरडी करा, चुलीजवळ नको, तापली की तिच्यातलं नत्र उडतं. याला स्ट्रुव्हाइट म्हणतात. त्यात 12 टक्क्यांहून जास्त स्फुरद, जवळपास 6 टक्के नत्र आणि मॅग्नेशियम असतं, आणि ते हळूहळू विरघळतं. 10 लिटरमागं 25-30 ग्रॅम मिळतं. जास्तीचं नत्र मात्र गाळलेल्या पाण्यातच राहतं, ते पाणी फेकू नका, पातळ करून सोसायटीच्या झाडांना घाला. ज्याच्याकडं जमीन आहे त्यानं या खटाटोपात पडू नये असं माझं मत आहे, सरळ सरीत ओतावी.

संडास

सरकारी योजनेतून बांधलेल्या जुळ्या खड्ड्यांच्या संडासाला लोक कमी लेखतात आणि ऐपत आली की सेप्टिक टँक बांधतात. मला हे उलटं वाटतं. सेप्टिक टँकमधून वरून वाहणारं पाणी जंतूंनी भरलेलंच असतं, ते कुठल्याच भाजीला चालत नाही, आणि टँक कधीतरी उपसावाच लागतो. संरक्षणाच्या साधनांशिवाय त्यात माणूस उतरवणं 2013 च्या कायद्यानं गुन्हा आहे. आतल्या विषारी वायूनं माणसं क्षणात कोसळतात आणि त्यांना काढायला उतरलेलीही जातात. टँक असेल तर उपसायला गाडीच बोलवा, माणूस उतरवू नका.

जुळ्या खड्ड्यात तसं काही नाही. दोन खड्डे, एक मीटर रुंद, तेवढेच किंवा थोडे जास्त खोल, एकमेकांपासून निदान एक मीटर लांब. विटांमध्ये फटी ठेवून जाळीचं बांधकाम, तळ उघडा, वर पक्कं झाकण. चेंबरमध्ये पाइपाची दोन तोंडं, त्यातलं एक कायम बंद. पाणी मातीत मुरतं, मैला आत राहतो. एक खड्डा भरला की चेंबरमधलं तोंड बदलायचं आणि भरलेला दीड-दोन वर्षं झाकून ठेवायचा. हवा काढायच्या उभ्या नळीची इथं गरज नसते, वायू मातीत मुरतो. कोकणात अप्पासाहेब पटवर्धनांनी सोनखतासाठी, म्हणजे मैल्यापासून केलेल्या खतासाठी, आयुष्य वेचलं, देहूत डॉ. मापुसकरांनी संडास जोडलेला मलप्रभा बायोगॅस उभा केला आणि 2017 साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. दोन-चार जनावरं असतील तर गोबरगॅसला संडास जोडणं उत्तमच, फक्त ॲसिड-फिनेल टाकायचं नाही, गॅस करणारे जिवाणू मरतात.

खड्डा उपसायचं काम वर्षानुवर्षं एका जातीच्या माथी मारलं गेलं. पूर्ण मुरलेल्या खड्ड्यात त्या कामाचं काहीच उरत नाही, म्हणून आपल्या घरचा खड्डा घरच्या माणसांनीच उपसावा. उन्हाळ्यात, जमीन कोरडी असताना झाकण काढून दोन दिवस उघडं ठेवा. फावडं घालून बघा. आतलं वाळलेल्या चहाच्या चोथ्यासारखं काळपट, भुसभुशीत आणि बिनवासाचं असेल तर काढायला तयार आहे. ओलं किंवा वासाचं लागलं तर परत झाकून आणखी सहा महिने थांबा. जंताची अंडी सगळ्यात चिवट असतात, म्हणून हातमोजे आणि बूट घालायचे, आणि हे खत भाजीला न देता आंबा, नारळ, शेवगा अशा झाडांच्या आळ्यात वीतभर मातीखाली गाडायचं. खड्डा रिकामा झाला की जाळीच्या फटींत अडकलेली माती काठीनं मोकळी करा, झाकण बसवा, सांधे मातीनं लिंपा आणि दुसरा भरेपर्यंत तो तसाच ठेवा.